हिल्का मामीचा कॉम्प्युटर

लाउक्काला, ७ ऑक्टोबर

प्रिय पिलवी,

परवा फोनवर तू भराभर बोललीस आणि मी हो हो म्हणत गेलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, कशाला हो म्हणालो तेच मला कळलेलं नाही. म्हणून ही मेल. लिहिताना निदान मधे थांबता येतं.

पडद्यावर ती सूचना रोज येते. या महिन्यापासून या विंडोजची देखभाल बंद, नवीन विंडोज घ्या, आणि ते तुमच्या मशीनवर चालणार नाही. मशीनला काय झालंय? काही नाही. मी जन्मभर लाकडाचे ट्रक चालवले, चालत्या गाडीला भंगार म्हणायची मला सवय नाही.

तू म्हणालीस, सगळं काढून टाक आणि लिनक्स घाल. लिनक्सबद्दल माझी तक्रार नाही. शेजारचा वेइयो म्हणतो, आपल्याच देशातून निघालेली गोष्ट आहे, प्रत्येक फिनिश माणसाने वापरावी. तो स्वतः वापरत नाही. पण सगळं काढून टाकणं मला जमणार नाही. कॉम्प्युटर तुझ्या मामीचा आहे. मी त्यावर बिलं भरतो आणि हॉकीचे निकाल बघतो. बाकी सगळं मार्चमध्ये ती जिथे ठेवून गेली तिथेच आहे. मी त्यातलं काही उघडत नाही. पण पुसणारही नाही.

तुझी आई रोज फोन करून विचारते, कसा आहेस. मी बरा आहे. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई टोचतो, त्यानंतर गाल जसा होतो तसा. दुखत नाही, एवढंच.

तुझा
ताउनो मामा


ताम्पेरे, ८ ऑक्टोबर

मामा,

काही पुसायचं नाही. कबूल.

मग असं करू. लहानपणी मी तुमच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्यांवर चादरी टाकून घर करायचे, आठवतं? मामी मला जेवणसुद्धा आतच सरकवायची. आत मी वाटेल तो गोंधळ घालायचे, बाहेरच्या घराला काही फरक पडायचा नाही. कॉम्प्युटरमध्येही असं घर बांधता येतं. विंडोज चालू असतानाच एक खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत दुसरा, खोटा कॉम्प्युटर सुरू करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या लिनक्सला वाटतं, आपण खऱ्याच मशीनवर आहोत. मामीचं सगळं बाहेर जसंच्या तसं राहतं. आवडलं तर पुढे बघू, नाही आवडलं तर खिडकी बंद.

खाली पायऱ्या लिहून देते. आधी व्हर्च्युअलबॉक्स नावाचा प्रोग्राम उतरवायचा, मग लिनक्सची फाइल. ती मोठी आहे आणि तुमच्याकडचं इंटरनेट मला माहीत आहे, तेव्हा ती उतरेपर्यंत तू लाकडं फोड. आतल्याला निम्मी मेमरी दे. जास्त दिलीस तर बाहेरचा उपाशी मरेल.

आणि देखभाल बंद झालेल्या विंडोजवरून बिलं कायमची भरत राहायचं नाही. हे फक्त चाखून बघणं आहे. अडलास तर लिही. मला कामाच्या मधे वेळ मिळतो.

तुझी पिलवी


लाउक्काला, १९ ऑक्टोबर

प्रिय पिलवी,

पहिल्या दिवशी ते सुरूच झालं नाही. लाल अक्षरांत काहीतरी आलं. तू मेलमध्ये लिहिलं होतंस त्याप्रमाणे मशीन बंद करून, सुरू होताना कळ दाबून, त्या निळ्या पानावर गेलो आणि व्हर्च्युअल म्हणणारी ओळ चालू केली. वेइयो मागे उभा होता.

"उडवशील," तो म्हणाला.

"काय उडवीन?"

"ते मला काय माहीत? पण उडवशील."

उडालं नाही. सुरू झालं. पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा, पण सुरू झालं. भाषा विचारली, गाव विचारलं, कीबोर्ड विचारला. आणि मग त्याने विचारलं: डिस्क पूर्ण पुसून त्यावर लिनक्स बसवू का?

मी हात काढून घेतला. वेइयोला म्हटलं, तू जा आता. तो गेला. मी कॉम्प्युटर तसाच चालू ठेवून स्वयंपाकघरात जाऊन बसलो. ते पान अजून तिथेच आहे. मी त्याला हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. दोन दिवस त्या खोलीत गेलो नव्हतो, आत्ता फक्त हे लिहायला आलोय.

तू म्हणाली होतीस, काही पुसायचं नाही.

मामा


ताम्पेरे, २० ऑक्टोबर

अरे मामा,

माफ कर, हे आधीच सांगायला हवं होतं. तो प्रश्न आतल्याने आतल्या डिस्कबद्दल विचारलाय. आतली डिस्क म्हणजे बाहेरच्या विंडोजमधली एक साधी फाइल आहे. ती कोरीच आहे, पुसण्यासारखं त्यात काही नाही. मामीच्या वस्तू त्याला दिसतच नाहीत. त्याला चादरीच्या बाहेरचं दिसत नाही.

हो म्हण. माझ्या भरवशावर म्हण.

झालं की पडदा मोठा करायला आणखी एक तुकडा बसवावा लागतो, ते खाली लिहिलंय. आणि शेवटी एक चांगली गोष्ट: स्नॅपशॉट. सगळं नीट चालू लागलं की त्या क्षणाचा फोटो काढल्यासारखं साठवून ठेवायचं. पुढे काही बिघडवलंस तर एक बटण दाबून त्या क्षणाला परत. म्हणजे आता मनसोक्त बिघडव.

दोन दिवस ते पान उघडं ठेवून बसलास? फोन करायचास ना रे.

पिलवी


लाउक्काला, ९ नोव्हेंबर

प्रिय पिलवी,

हो म्हटलं. बसलं. हे पत्र मी आतून लिहितोय.

सकाळी कॉफी करतो, विंडोज सुरू करतो, तिथे काही न बघता खिडकी उघडतो आणि आत येतो. आत ओळखीचं काही नाही. पडद्याच्या भिंतीवर हिरवा डोंगर आहे, तो कुठला आहे मला माहीत नाही. बरं वाटतं असं म्हणणार नाही, पण वेळ जातो. काळ्या चौकटीत आज्ञा लिहायला शिकलो. एकदा चुकीची आज्ञा लिहिली आणि खालची पट्टीच गायब झाली. मग तुझं बटण दाबलं आणि सगळं परत आलं.

तेव्हापासून ते बटण मी रोज दाबतो. संध्याकाळी, उठायच्या आधी. दिवसभर जे केलं ते सगळं जातं आणि सकाळी पुन्हा पहिला दिवस असतो. तू म्हणशील, मग शिकून उपयोग काय. डोक्यात राहतं की. मशीनमध्ये राहत नाही, एवढंच. तू पाठवलेली मागची मेल उघडून ठेवली होती, तीही सकाळी बंद असते.

वेइयो शनिवारी पर्च मासे घेऊन आला. साफ करूनच आणले होते.

"दिवसभर काय करतोस?" त्याने विचारलं.

"कॉम्प्युटर."

"त्यात काय करतोस?"

"शिकतो."

"काय शिकलास ते दाखव."

दाखवण्यासारखं काही नव्हतं. सगळं मी आदल्या दिवशी घालवलेलं. तो जरा वेळ त्या हिरव्या डोंगराकडे बघत बसला आणि म्हणाला, "मासे आजच तळ."

तळले नाहीत. फ्रीजमध्ये आहेत.

मामा


ताम्पेरे, १० नोव्हेंबर

मामा,

मासे फेकून दे, आजारी पडशील.

रोज मागे जाऊ नकोस. स्नॅपशॉट अपघातासाठी असतो, रोजच्या जगण्यासाठी नाही. एक दिवस तरी जे केलंस ते तसंच राहू दे. नुसती भिंत बदल आणि राहू दे.

हे लिहिते आहे खरी, पण तसं बटण मला मिळालं तर मीही दाबीन. कुठल्या दिवसावर परत जायचं तेवढं मात्र ठरवता येत नाही.

बाकी इकडे सगळं ठीक. काम खूप आहे.

पिलवी


लाउक्काला, ४ डिसेंबर

प्रिय पिलवी,

हे वेइयोच्या घरून लिहितोय. तो मागे उभा राहून वाचत होता, त्याला सौनाची वाफेची खोली तापवायला पाठवलंय.

कॉम्प्युटर गेला. सोमवारी सुरू केला तेव्हा आतून टिक टिक आवाज आला, दारावर कोणी नखाने वाजवावं तसा. मग काळा पडदा आणि एक ओळ: डिस्क सापडत नाही. बंद करून पुन्हा केला. तेच. नुरमेस शहरातल्या दुकानातला माणूस म्हणाला, डिस्क मेली. विंडोज गेलं. आतलं लिनक्सही गेलं. मला उगाच वाटत होतं की ते दोन वेगळे आहेत. बाहेरच्यासोबत आतलाही जाणार हे कळायला हवं होतं. तू सांगितलं होतंस की ती एक फाइलच आहे.

तू सप्टेंबरमध्ये विचारलं होतंस, मामीचं सगळं पेनड्राइव्हच्या वेगळ्या कांडीवर उतरवून घेतलंस का. मी हो म्हणालो होतो. घेतलं नव्हतं. उतरवायचं म्हणजे उघडावं लागलं असतं.

दुकानातून आलो, टेबलाशी बसलो आणि वाट पाहिली. म्हटलं, आता तरी काहीतरी होईल. अंत्यविधीच्या दिवशीही मी अशीच वाट पाहिली होती. काही झालं नाही. मग कॉफी केली.

आता दुसरी गोष्ट. तुझी उत्तरं मंगळवारी सकाळी येतात, गुरुवारी दुपारी येतात, मधल्या छोट्या शंकांना तर मी लिहिल्यावर पंधरा मिनिटांत येतात. काम खूप असलेलं माणूस असं लिहीत नाही. मी ट्रकवर असताना हिल्काला रविवारी एक कार्ड लिहायचो, तेसुद्धा दोन ओळींचं. तू कामावर जात नाहीस ना? आईला विचारलं नाही. तुलाच विचारतोय.

मामा


ताम्पेरे, ५ डिसेंबर

मामा,

नाही जात. ऑगस्टपासून.

एका सकाळी लॅपटॉप उघडला आणि पहिली मेल वाचली. मग तीच पुन्हा वाचली. अर्थ लागेना. जेवायच्या सुट्टीपर्यंत मी ती एकच मेल वाचत होते. मॅनेजर वेगळ्या खोलीत घेऊन गेला, चांगला माणूस आहे, म्हणाला, घरी जा, डॉक्टरला दाखव. डॉक्टरने आधी महिन्याची रजा लिहून दिली, मग आणखी, मग आणखी. मला वाटलं होतं, मी खूप रडेन वगैरे. तसं काही नाही. मी सोफ्यावर असते. आईला सांगितलं नाही, ती लगेच येईल आणि पडदे धुवायला काढेल.

तुझ्या मेलची मात्र मी वाट पाहायचे. तुझा पडदा तिकिटाएवढा आहे, हा प्रश्न मला सोडवता यायचा. दिवसात तेवढं एकच काम मी करत होते. आणि तेही नीट केलं नाही. कांडीबद्दल तू हो म्हणालास आणि मी विश्वास ठेवला. पुन्हा विचारायला हवं होतं. माझा धंदाच तो आहे.

डिस्क फेकू नकोस. तिला पुन्हा वीजही देऊ नकोस. टॉवेलात गुंडाळून, खोक्यात घालून मला पोस्टाने पाठव. मेलेल्या डिस्क कधीकधी थोडा वेळ जाग्या होतात. वचन देत नाही.

उद्या स्वातंत्र्यदिन. खिडकीत मेणबत्त्या लावायच्या की नाही ते अजून ठरवलं नाही.

पिलवी


लाउक्काला, ७ डिसेंबर

पिलवी,

डिस्क पोस्टात टाकवत नाही. मी ती मशीनसकट घेऊन येतो. बुधवारी निघतो, दोनदा गाडी बदलायची आहे, संध्याकाळपर्यंत पोचेन. वेइयो घराकडे बघेल. तो आत्ता मागे उभाच आहे, आणि म्हणतोय की मार्चपासून मी नुरमेसच्या पुढे गेलेलो नाही, वाटेत हरवेन. हरवणार नाही.

आईला सांगितलेलं नाही. स्टेशनवर यायची गरज नाही. सोफा तूच वापर, मी जमिनीवर झोपतो, पाठीला बरं.

मामा


ताम्पेरे, ११ जानेवारी

मामा,

तू गेल्यापासून घर मोठं वाटतंय. स्वयंपाकघरातला नळ तू दुरुस्त केल्यापासून गळत नाही, त्यामुळे आवाजही नाही.

तुला जाताना नीट काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. तू आलास तेव्हा मी दार उघडलं आणि तू "पाय कुठे पुसू?" असं विचारलंस. बाकी काहीच नाही. पहिले तीन दिवस आपण चार वाक्यंही बोललो नसू. तू लापशी करायचास आणि माझ्यासमोर ठेवून द्यायचास. मी खाल्ली की नाही हे बघायचास नाही. त्यामुळे मी खायचे. आई असती तर बघत बसली असती.

डिस्क जोडायला मी इतके दिवस लावले ते मुद्दाम नव्हतं. मला भीती होती की ती पहिल्याच झटक्यात जाईल आणि तू शेजारी बसलेला असशील. ती जागी झाली, टिक टिक करत राहिली, फाइली एकेक येत राहिल्या, आणि आपण दोघं नुसते तो आकडा वर जाताना बघत होतो. मग थांबली ती थांबलीच. लग्नाचे फोटो गेले, मामीच्या गायनवृंदाच्या याद्या गेल्या, आणि आले ते सगळे फोटो तुमच्या त्या जुन्या कुत्र्याचे. कुत्रा बर्फात, कुत्रा होडीत, कुत्रा पाठमोरा. आणि प्रत्येक फोटोत कोपऱ्यात मामीचा अंगठा.

"तिला कधी कळलंच नाही अंगठा कुठे ठेवायचा," तू म्हणालास. मी हसले. तू हसला नाहीस, पण सगळे फोटो शेवटपर्यंत बघितलेस. मामी गेल्यापासून तू तिचं काही उघडून बघितलंस ते पहिल्यांदाच, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

नवीन डिस्क घालताना मी विचारलं होतं, जुन्यासारखंच विंडोज करून देऊ का, पडद्यावरच्या तिच्या छोट्या चित्रांची जागासुद्धा तशीच लावून. तू म्हणालास, "नको. ते तिचं होतं. आता लिनक्सच घाल, खिडकीत नको, सरळ घाल." आणि लिनक्सने जेव्हा डिस्क पुसायची का विचारलं, तेव्हा कळ तूच दाबलीस. मी तेव्हा काही म्हणायला हवं होतं का, ते मला अजून कळत नाही.

सोमवारी मी ऑफिसच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. मंगळवारी आत गेले. अर्धा दिवस, आठवड्यातून तीनदा, असं ठरलंय. मेल वाचता येतात. सावकाश, पण येतात. अजून आत काही हलत नाही, पण पाय हलतात.

आईला मी सांगितलं. ती आली. पडदे धुतले.

पिलवी


लाउक्काला, १ मार्च

प्रिय पिलवी,

मशीन उत्तम चालतंय. भिंतीवर मी कुत्रा लावलाय, होडीतला.

गावात बातमी पसरली ती वेइयोमुळे. त्याच्या कॉम्प्युटरवरची ती जुनी सूचना तो इतके दिवस झाकून ठेवत होता, शेवटी आला आणि म्हणाला, "माझ्यावर पण ते आपल्या देशातलं घाल." घातलं. मग तो सगळीकडे सांगत सुटला. काल गावच्या सभागृहात लोक आपापली मशीनं घेऊन आले, बायकांनी कॉफी आणि बन आणले, आणि मी एका टेबलाशी बसून एकेकाचं बघत होतो. आधी सगळं कांडीवर उतरवायचं, मग विचारायचं, मग पुसायचं. पहिली पायरी झाल्याशिवाय दुसरीला मी हातच लावत नव्हतो.

शेवटी साइमी आली. तुला आठवत असेल, शाळेत स्वयंपाक करायची. आता ऐंशीच्या पुढे आहे. तिच्या नवऱ्याचा लॅपटॉप होता, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो उतरवून झाले होते, कांडी तिच्या मुठीत होती. तरी तिने लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला तो काढेना.

"हिल्काचा कॉम्प्युटर होता ना तुझ्याकडे," ती म्हणाली. "त्याचं काय झालं?"

"डिस्क गेली. थोडे फोटो वाचले."

"आणि हिल्का?"

तिला माहीत होतं. अंत्यविधीला ती आली होती. विसरली होती, की मुद्दाम विचारत होती, ते मला कळलं नाही.

मी म्हणालो, "हिल्का मेली."

पिलवी, तिच्याबद्दल हा शब्द मी कधी उच्चारला नव्हता. वर्षभर मी "हिल्का नसते आता" असं म्हणत होतो, ती कुठे गावाला गेल्यासारखं. कोणीतरी माझ्या कपात कॉफी ओतली, कप भरलेलाच होता, ती बशीत सांडली.

साइमीने झाकणावरचा हात काढला. "मग माझंही पूस," म्हणाली.

पुसलं. तिचं काम झालं, सामान आवरलं, सगळ्यांना येतो म्हटलं आणि घरी आलो. अंगणात गाडी उभी केली आणि उतरता येईना. इंजिन बंद केलं होतं. काचांवर आतून बर्फ धरायला लागलं, आणि तेव्हा सुरू झालं. पोटातून. आवाज माझाच होता, पण ओळखीचा नव्हता. दुखलं, पिलवी. चांगलंच दुखलं.

किती वेळ गेला माहीत नाही. वेइयोने काचेवर टकटक केलं.

"बॅटरी गेली का?"

"नाही."

"मग?"

त्याने पलीकडचं दार उघडलं, आत येऊन बसला आणि समोर बघत राहिला. काचेतून काही दिसत नव्हतं, तरी बघत राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "बसायचंच असेल तर हीटर तरी लाव, माणसा."

लावला.

मामा